साताऱ्याभोवतीची काल्पनिक मारेकरी मंडळी: दीडशे वर्षांचा इतिहास बेतायचा आहे

यवतेश्वर (धागाकर्ता)

नमस्कार. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितोय. साताऱ्याच्या आसपासची एक गुप्त मंडळी, ठरवून माणसं मारणारी. उगम १६९७, शेवट १८५२ च्या सुमारास. मंडळी शंभर टक्के काल्पनिक. शाहू, ताराराणी, पेशवे, इंग्रज ही चौकट मात्र जशीच्या तशी. कथेच्या शेवटी तिचा इतिहास चार पानांत द्यायचाय आणि तो वाचताना कुणालाही शंका येता कामा नये.

आत्ताचा आराखडा असा: डोंगरात भुयार, एक म्हातारा गुरू, अफू देऊन घडवलेली पोरं, वाघनखं आणि विष, दंडावर गोंदलेली खूण, देवीसमोर रक्ताची शपथ. काय ठेवू, काय टाकू? बिनधास्त चिरफाड करा.

वैराटगड

गोंदण आधी पुसा. गुप्त माणसाच्या दंडावर खूण म्हणजे कोतवालाचं काम आयतं झालं. एक जण सापडला की सगळ्यांच्या बाह्या वर करायच्या, बस्स.

अफू आणि गुरू हा मार्को पोलोचा माल. तो इराणच्या वाटेला लागला तेव्हा अलमूत, म्हणजे त्या मारेकऱ्यांचा इराणातला डोंगरी किल्ला, पडून पंधराएक वर्षं झाली होती. जे लिहिलं ते ऐकीव. तेच सगळे उचलतात, म्हणून अशा सगळ्या मंडळ्या एकाच छापाच्या दिसतात. खरे निझारी इस्माइली, म्हणजे ज्या शिया पंथावरून त्या दंतकथा बेतल्या तो, बघा, त्यात लेखकाला कितीतरी जास्त सापडेल.

त्यांचा पुढारी हसन सब्बाह याने १०९० मध्ये अलमूत घेतला, तो तलवार न उपसता. आधी त्याचे प्रचारक आसपासच्या गावांत शिरले, मग किल्ल्यावरच्या शिबंदीत. शेवटी तो स्वतः खोटं नाव घेऊन वर राहायला गेला. किल्लेदाराला पत्ता लागला तेव्हा शिबंदी हसनची झाली होती. इतिहासकार जुवैनी सांगतो की किल्लेदाराच्या हातात तीन हजार दिनारांची चिठ्ठी ठेवून त्याला वाटेला लावलं. चिठ्ठी दुसऱ्याच ठिकाणच्या अधिकाऱ्यावर काढलेली होती, आणि ती वटली. आपल्याकडची हुंडीच म्हणा. म्हणजे पहिला मोठा खून पडायच्या आधी जागा, आजूबाजूच्या गावांचं उत्पन्न आणि दूरवर चालणारी पत, तिन्ही हातात. सेल्जुकांचा वजीर निजामुल्मुल्क मारला गेला तो त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १०९२ मध्ये. मारेकरी सूफी फकिराच्या वेशात पालखीजवळ गेला होता.

आता आकडा बघा. हसन १०९० ते ११२४, म्हणजे चौतीस वर्षं अलमूतवर होता. एवढ्या काळातल्या त्यांच्या स्वतःच्या यादीत पन्नासच्या आसपास खून आहेत. वर्षाला दीड. तुमच्या कथेत प्रकरणाला दोन पडत असतील तर हात आखडा.

यवतेश्वर (धागाकर्ता)

प्रकरणाला तीन पडतात. आखडतो. विष तरी ठेवू का?

वैराटगड

नको, आणि कारण नैतिक नाही, हिशेबाचं आहे. निझारी फिदाई, म्हणजे जीव द्यायला तयार असलेले मारेकरी, जवळपास नेहमी कट्यारीसारख्या छोट्या शस्त्राने मारत, तेही भर दरबारात किंवा शुक्रवारी मशिदीत. मारेकरी सहसा पळत नसे. विष घातलं तर गाव म्हणणार पोटशूळाने गेला. मंडळीचं नाव होत नाही, पुढचा माणूस घाबरत नाही, सगळा खर्च पाण्यात. माणसं गुप्त आणि काम उघडं, अशी ती व्यवस्था होती.

उलट, काम फसलं तरी वचक बसू शकतो. मे ११७६ मध्ये सिरियातल्या अझाझच्या वेढ्यात सुलतान सलादिनवर निझारींचा हल्ला झाला. टोपीखाली लोखंडी कड्यांची जाळी होती म्हणून डोकं वाचलं. पुढे त्याच साली त्याने त्यांच्या मसयाफ किल्ल्याला वेढा घातला आणि थोडक्या दिवसांत उठवलाही. का उठवला यावर इतिहासकारांत वाद आहेत, पण सिरियातल्या निझारींच्या वाटेला तो नंतर फारसा गेला नाही. कथेत एक फसलेला वार जरूर ठेवा. तो यशस्वी वारांपेक्षा जास्त काम करतो.

एक सूचना. निझारी इस्माइली ही आजही नांदती, शांत जमात आहे. मुंबईतल्या खोजा समाजाचा आणि आगाखानांचा प्रसिद्ध खटला १८६६ ला मुंबई हायकोर्टात निघाला, तो त्याच परंपरेतला. तेव्हा तुलना संघटनेच्या बांधणीपुरती ठेवा, धर्मावर घसरू नका.

चारभिंती

वैराटगड, माहिती चोख आहे, पण आपल्या मातीत ही बांधणी बसतच नाही असं माझं म्हणणं. मराठेशाहीतले खरे घात काढून बघा.

संताजी घोरपडे, जून १६९७, शंभू महादेवाच्या डोंगररांगेत. मारला म्हसवडच्या नागोजी मान्याने. कारण घरचं: संताजीने अमृतराव निंबाळकराला हत्तीच्या पायी दिलं होतं, आणि अमृतराव हा नागोजीच्या बायकोचा भाऊ.

पिलाजी गायकवाड, १७३२, डाकोर. जोधपूरच्या अभयसिंगाची माणसं बोलणी करायला येत-जात होती. त्यातला एक जण काही सांगायचं राहिलं म्हणून परत आत गेला, कानाशी वाकला आणि खंजीर चालवला.

जयाप्पा शिंदे, जुलै १७५५, नागौर. तिथेही समोरच्या पक्षाची माणसं छावणीत पोचली होती.

नारायणराव पेशवा, ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराचा दंगा करत गारदी आत घुसले. अंगावर पडून धन्याला वाचवू बघणारा चाफाजी टिळेकरही गेला.

यात मंडळी कुठाय? एक सूड, एक राजकीय सुपारी, एक वाटाघाटीतला दगा, एक पगारी पहारेकऱ्यांचा उठाव. आपल्याकडे खून करायला संघटना लागली नाही, जवळ जायचं कारण लागलं. बोलणी, निरोप, पगार, सोयरीक. भुयारातून आलेला काळ्या कपड्यांतला माणूस कुठेच नाही.

यवतेश्वर (धागाकर्ता)

मग मंडळीच नको म्हणता?

चारभिंती

तसं नाही. मंडळी असेल तर तिचा धंदा खून हा नसावा, जवळ जायची कारणं पुरवणं हा असावा. कुणाच्या छावणीत कुठला कारकून, कुणाच्या पागेत कुठला मोतद्दार, हे दहा-दहा वर्षं आधी पेरून ठेवणारी. वार करणारे दोन-तीन, पेरलेले तीस-चाळीस. आणि त्या तीस-चाळिसांतल्या बहुतेकांना जन्मात काही करावं लागत नाही. ते नुसते पगार घेतात, म्हातारे होतात, मुलाला चिकटवतात.

१६९७ चा उगम मात्र झकास आहे, त्याला संताजी जोडा. त्याच्या फौजेतून फुटलेली, धनी गेलेली माणसं. सूड हे सुरुवातीचं कारण. नागोजी हाताशी लागला नाही तरी माणसं बांधलेली राहिली, असं दाखवा.

मोडीवाचक_कराड

तुम्ही सगळे शस्त्रांवर आणि पेरणीवर बोलताय. मला एकच विचारायचंय: या तीस-चाळीस जणांचा खर्च कुठल्या खात्यात पडतो? दीडशे वर्षं टिकलेली गोष्ट मराठी दप्तरात कुठेतरी कागदावर आलीच पाहिजे, भले वेगळ्या नावाने.

माझ्या मते भुयार काढून किल्ल्याचा घेरा घ्या. किल्ल्याच्या पायथ्याची गावं आणि अर्ध्या वाटेवरची मेटं. मेटकरी पिढीजात चौकीदार, त्यांना त्या कामाबद्दल इनाम जमीन. किल्लेदार बदलतो, मोगल येतो, परत मराठे येतात. घेऱ्यातली माणसं तीच राहतात, कारण वाटा त्यांनाच ठाऊक. रात्री शस्त्र घेऊन फिरायचं सरकारमान्य कारण त्यांच्याकडे आहे. माण तालुक्यातला वारुगड घ्या, महादेवाच्याच रांगेत आहे, माचीवर आजही वस्ती आहे. अजिंक्यतारा नको. तो १७०० च्या एप्रिलात औरंगजेबाने घेतला, पुढे राजधानीच झाला. तिथे प्रत्येकाचं लक्ष.

आता खाती.

जाण्यायेण्याचा खर्च: जासूद जोडीने पाठवत आणि त्यांना अजुरा, म्हणजे मजुरी, मिळे. मंडळीचे निरोपे जासूद म्हणून लावले की पैसे सरकारातून निघतात. जोडीतला एक खरा, एक तुमचा. इथे गोष्ट बिघडवायची सोय पण आहे: खऱ्याला वाटेत शंका येते.

लाच आणि गुप्त देणी: पेशवाईच्या हिशेबात ‘अंतस्थ’ या नावाने पडतात. कुणाला दिले, किती दिले हे कारभाऱ्यांना ठाऊक असायचं. फक्त कशासाठी हे मोघम. असे मोठे आकडे दप्तरात आहेत, त्यामुळे एखादी छोटी रक्कम कुणाच्या डोळ्यात भरणार नाही.

मेलेल्याची मुलंबाळं: हे सर्वांत महत्त्वाचं. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना ‘बालपरवेशी’ म्हणून जमीन किंवा नेमणूक मिळे. पळून न जाणारा मारेकरी हवा असेल तर त्याला मागच्यांची हमी हवी, आणि ती हमी म्हणजे बालपरवेशीची सनद. मारेकऱ्याने आयुष्य का दिलं याचं उत्तर अफूत शोधू नका, त्या दोन बिघ्यांत शोधा.

आणि इथेच मंडळीचा घात होऊ शकतो. सनदेत तो कुठल्या लढाईत पडला ते लिहावं लागतं. जी लढाई लिहाल तिथे त्या पथकाची हजेरी असते.

वैराटगड

मोडीवाचक, नमस्कार घ्या. किल्लेदाराच्या चिठ्ठीपेक्षा हे भारी आहे.

हळदबाजार

सांगलीहून हजेरी. शस्त्रांबद्दल थोडं, कारण यात कथाकार हमखास घसरतात.

वाघनखं: साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ पासून लंडनहून आलेली वाघनखं लोकांनी पाहिली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तिकडे गेलेली. तीच प्रतापगडावरची का, याचा पुरावा नाही असं लंडनचं संग्रहालयच सांगतं. रचना नीट बघा: एक पट्टी, दोन टोकांना बोटात घालायच्या दोन कड्या, खाली चार नख्या. मूठ मिटली की बाहेरून दोन अंगठ्या दिसतात. नख्या वाकड्या, त्यामुळे फाडतात, पण तलवारीसारखं खोल जात नाहीत. मिठीच्या अंतरावर आलात तरच उपयोग. सोबत दुसरं पातं हवंच. बिचवा आणि वाघनख एकत्र केलेली शस्त्रंही आहेत.

कट्यार: मूठ आडवी, दोन समांतर दांड्यांच्या मध्ये. मनगट वळत नाही, खांद्याचा सगळा जोर टोकावर येतो. काहींचं टोक मुद्दाम जाड ठेवत, चिलखताच्या कड्यांत घुसायला. शिवाय शेल्यात कट्यार खोवलेला माणूस त्या काळी संशयित दिसत नाही, तो सभ्य गृहस्थ दिसतो. तुमच्या मंडळीचं हेच शस्त्र.

गुप्ती: काठीत पातं. दिसायला छान, पण पातं बारीक, आणि उपसायला दोन्ही हात गुंतवावे लागतात. दोन हात एकदम हलले की पहारेकरी बघतो. वेश बदलून चाललेल्याच्या स्वसंरक्षणाला ठीक.

आणि आपला पावसाळा विसरू नका. म्यान लाकडाचं, वर चामडं किंवा मखमल. आषाढात लाकूड फुगतं, पातं आत धरून बसतं; तेलाचं बोट फिरवलं नसेल तर गंज वेगळाच. ऐन वेळी कट्यार म्यानातून निघालीच नाही, हा फसलेला वार मला भुयारातल्या झटापटीपेक्षा पटेल. वाई-महाबळेश्वरच्या बाजूला घडवा. माणदेशात पावसाने म्यान फुगलं असं लिहिलंत तर तिथली माणसं हसतील.

यवतेश्वर (धागाकर्ता)

हा वार घेतला. आता कागदांचं. चार पानांत दोन मोडी पत्रांचं लिप्यंतर द्यायचंय. तारखा कशा घालू?

मोडीवाचक_कराड

कशाही घातल्या तर पहिला वाचक तिथेच पकडेल. बनावट कागद शाईने कमी आणि तारखेने जास्त पकडले जातात.

उदाहरणाला शाहूंचा राज्याभिषेक घेऊ, १२ जानेवारी १७०८, सातारा. त्या सुमाराचं छत्रपतींचं पत्र असेल तर ‘राज्याभिषेक शके ३४, सर्वजित नाम संवत्सरे’. शके १६२९ मधून १५९५ वजा केले की ३४. खासगी किंवा कारभारी पत्रात सुहूर सन, म्हणजे अरबी शब्दांत लिहायचं साल: ‘समान मया व अलफ’, म्हणजे आठ, शंभर, हजार, मिळून ११०८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. दोन आकडे का, तर हे साल मृगाला, मे-जूनच्या सांध्यावर बदलतं. जानेवारीतल्या पत्राला ६०० मिळवायचे, दिवाळीतल्याला ५९९. दिवस मुसलमानी महिन्याचा आणि त्याआधी ‘छ’, म्हणजे चंद्र. म्हणजे वर्ष मृगाचं, महिना चंद्राचा. लेखक लोक एक साल काढतात आणि दिवस अंदाजाने टाकतात. तिथी, वार, चंद्र तिघं तीन दिशांना जातात.

मुंबईकर इंग्रजांचं पत्र घालणार असाल तर १७५२ च्या सप्टेंबरपर्यंत त्यांचं पंचांग जुनं. अठराव्या शतकात आपल्या आजच्या तारखेपेक्षा अकरा दिवस मागे, आणि १७५१ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला. त्यांचा फेब्रुवारी १७३१ म्हणजे आपला १७३२.

कागद जुन्नरी किंवा दौलताबादी म्हणा. उजेडात धरल्यावर विलायती गिरणीचं पाणचिन्ह दिसणारा कागद आणि त्यावर शाहूकालीन तारीख, हा बनावटीचा ठळक पुरावा. पत्राच्या शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, विसरू नका. आणि मंडळीचं नाव कुठेच लिहू नका. कागदात ‘घेऱ्याकडील लोक’ एवढंच येऊ द्या.

चारभिंती

शेवट कसा करणार? १८५२ म्हणालात, पण का संपली ते आराखड्यात नाही.

यवतेश्वर (धागाकर्ता)

इंग्रज भुयार उडवतात, गुरू मरतो, असं होतं. आता भुयारच गेलं.

वैराटगड

मंगोलांनीही अलमूत तसा उडवून संपवला नाही. नोव्हेंबर १२५६ मध्ये इमाम रुक्नुद्दीन खुरशाह मैमुनदिझ किल्ल्यातून खाली उतरला आणि बाकी किल्ल्यांना खाली करायचे हुकूम त्याच्याच नावाने गेले. अलमूत डिसेंबरात गेला. गिर्दकूहने मात्र हुकूम मानला नाही, तो १२७० पर्यंत लढला. सिरियातले किल्ले १२७३ पर्यंत इजिप्तचा सुलतान बैबर्स याने घेतले.

पुढचं तुमच्या उपयोगाचं. मंगोल सेनानी हुलागूबरोबर असलेल्या जुवैनीने अलमूतचं ग्रंथालय चाळलं, कामाचे वाटले ते ग्रंथ बाजूला काढले आणि बाकीचे पाखंडी म्हणून जाळले. हसनचं चरित्र आज आपल्याला जे कळतं ते बरंचसं या जाळणाऱ्याच्या लेखणीतून. तुमची चार पानं गुरूच्या शिष्याने लिहिलेली नसावीत. शत्रूच्या कारकुनाने लिहिलेली असावीत, त्याच्या अर्धवट समजुतीसकट.

मोडीवाचक_कराड

कारकून तयार आहे. १८४८ ला सातारा खालसा झालं, १८५२ ला इनाम कमिशनचा कायदा आला. सनद दाखवा, नाहीतर जमिनीला आकार, म्हणजे सारा, भरा. आता वारुगडच्या घेऱ्यातली चार-पाच घरं बालपरवेशीच्या सनदा घेऊन येतात. कारकून लढाईचं नाव वाचतो, हजेरीपट मागवतो, नाव नाही. दुसरी सनद, तेच. तिसऱ्या सनदेतला दिवस एका सरदाराच्या खुनाच्या आदल्या दिवसाचा निघतो. मंडळी बंदुकीने संपत नाही, जमीन जप्त झाल्याने संपते. आणि पोरांना तोपर्यंत ठाऊकही नसतं की पणजोबा कशात गेला.

चारभिंती

हे जमलं. एक खबरदारी: कारकुनाला ठगांचं प्रकरण माहीत असणार. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा ठरला होता, शिक्षा जन्मठेप. ते खटले माफीच्या साक्षीदारांवर उभे राहिले. जीव वाचवायला बोलणारा माणूस साहेबाला हवी तशी गोष्ट देतो, म्हणून त्या जबान्या किती धराव्यात यावर इतिहासकार आजही भांडतात. तुमच्या कारकुनानेही तेच करावं: तीन सनदांवरून भलीमोठी संघटना रचावी, देवी, शपथ, भुयार सगळं घालून. तुमचा पहिला आराखडा वाया जात नाही, तो साहेबाच्या अहवालात जातो.

यवतेश्वर (धागाकर्ता)

उभा राहून टाळ्या! शेवटचा प्रश्न. एक कुटुंब पळतं. सांगली संस्थानात नेऊ का? तिथे कमिशनचा हात पोचत नाही.

हळदबाजार

आमच्याकडे या, पण वारुगडहून सांगली फार लांब. डोंगर उतरला की उत्तरेला फलटण, तेही संस्थानच. एका रात्रीचं काम.

चारभिंती

फलटण निंबाळकरांचं. संताजीच्या माणसांची औलाद तिथे आसरा मागेल? अमृतराव निंबाळकर विसरलात काय? आटपाडीला न्या. आटपाडी औंध संस्थानात.

हळदबाजार

मग दहिवडी, गोंदवले, म्हसवड असा सरळ रस्ता पडतो, आणि म्हसवडात माने. दहिवडीवरून दक्षिणेला मायणी, तिथून विटा, खानापूर आणि मग पूर्वेला आटपाडी घाला. लांब पडेल. विटा-खानापूर इंग्रजी मुलूख, तेवढा टप्पा रात्रीचा करा. आणि बैलगाडी देऊ नका, नाक्यावर नोंद होईल. शिंगणापूरची यात्रा करून निघालेले यात्रेकरू म्हणून पायी चालवा.

मोडीवाचक_कराड

शिंगणापूरची यात्रा चैत्रात. सनद तपासणीची तारीख त्याच्या आधी आठ-दहा दिवस धरा, म्हणजे फाल्गुन वद्यात. पंचांग बघून तिथी उद्या टाकतो.